भिंतीतले पावणे

आमच्या परड्यात तीन तऱ्हेच्या गांधीलमाश्या होत्या, आणि त्यातली एक म्हणजे आमचे आबा, असं आई शेवटपर्यंत धरून चालली होती. कोणती, यात मात्र एका पावसाळ्यात तिची गल्लत झाली आणि ती गल्लत तिच्या जिवावर बेतली. एरवी आपला बाप माशी झाला ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. ऑफिसात एकदा चुकून बोलून बसलो, तर पुढं महिनाभर टेबलावर माशी बसली की लोक उठून नमस्कार करायचे.

आबा वारणेकडच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर कोल्हापूरच्या कडेला, जिथं तेव्हा ऊस संपायचा आणि कॉलनी सुरू व्हायची, तिथं त्यांनी बारका प्लॉट घेतला आणि स्वतः उभं राहून घर बांधलं. पुढं अंगण, मागं परडं. परड्यात शेवगा, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि त्यावर एक नळ. कॉलनीतले बाकीचे लोक रिटायर झाल्यावर भजनाला लागले, आमचे आबा भोकं बुजवायला लागले. भिंतीतला खिळा निघाला की तिथं सिमेंट. उंदराचं बीळ दिसलं की आत काचा, वर सिमेंट. ते वाळलं की चुन्याचा एक हात. घमेलं आणि थापी कायम मागच्या दारात. "घराला भोक म्हंजे खिशाला भोक," असं म्हणायचे. आणि परड्यातला नळ थेंबभर जरी गळला, तरी आतून ओरडायचे, "कोण रं त्यो? आवळा की नीट!" नळ आवळायचं काम बहुतेक वेळा माझंच असायचं आणि तो माझ्याच्यानं कधी नीट आवळला गेला नाही, हेही खरं.

आईच्या खोलीत परड्याच्या बाजूला एक झरोका होता. पावसाचं पाणी त्यातून थेट आईच्या कॉटवर यायचं. आबांनी तो बंद करायला घेतला. आतून प्लायवूड ठोकलं, बाहेरून विटा लावल्या, मधे पोकळी राहिली. वरच्या कोपऱ्यात मूठभर भोक उरलं, तेवढ्यात सिमेंट संपलं. "उद्या बुजवतो," म्हणाले. हात धुतले, चहा प्याले आणि आईच्या कॉटवर जरा पाठ टेकली. ती टेकली ती टेकलीच. आई कप विसळून आली, तर आबा नव्हते.

दिवस घालायला आजऱ्याहून आत्ती आली. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. तिच्यापुढं आबांचंही कधी काही चाललं नव्हतं, आमचं काय चालणार? दहाव्याच्या आधी ती म्हणाली, "पीठ पसराय पायजे." आमच्याकडं ही रीत आहे. माणूस जिथं गेलं, तिथं दिव्याजवळ एका ताटात तांदळाचं पीठ चाळून सारखं करायचं आणि वर बुट्टी, म्हणजे वेताची टोपली, पालथी घालायची. सकाळी बुट्टी उचलून बघायचं. पिठावर पाखराचं पाऊल उमटलं तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं, खूर उमटला तर जनावराच्या. आत्तीच्या म्हणण्याप्रमाणं आमच्या आजोबांच्या पिठावर बैलाचा खूर उमटला होता. दुरडीएवढ्या बुट्टीखाली बैल कसा शिरला, हे मी विचारलं आणि आत्तीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी गप चहाचे कप गोळा करायला लागलो.

सकाळी आम्ही सगळे त्या ताटाभोवती बसलो. आई, आत्ती, जयसिंगपूरला दिलेली माझी धाकटी बहीण, माझी बायको आणि मी. आत्तीनं बुट्टी उचलली. पिठावर एक बारीक वाकडीतिकडी रेघ होती, सुई ओढल्यासारखी, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी टिंबं. रेघ ताटाच्या कडेपर्यंत गेली होती आणि तिथं ती बसली होती. निळसर काळी, चकाकणारी, कमर अगदी दोऱ्याएवढी. पाय पिठानं पांढरे झालेले. पंख दोनदा झटकले, उडाली आणि जाऊन बसली कुठं, तर खुंटीवर आबांचा कारखान्यातला निळा शर्ट टांगलेला होता, त्याच्या कॉलरवर.

आत्ती म्हणाली, "उडणारं हाय. सुटला माझा भाऊ."

"अहो आत्ती, ती कुंभारीण आहे," मी म्हणालो. "मातीची घरं करते ती. बुट्टीतच बसली असणार आधीपासून. बुट्टी माळ्यावरनं काढली की आपण."

"मग माळ्यावर कशाला बसलती? दुसऱ्या कुणाच्या माळ्यावर का न्हाय बसली?"

मी परत चहाचे कप शोधायला लागलो.

आई त्या शर्टाकडं बघत होती. मला वाटलं, दुःखात आहे, विसरून जाईल. आईला मी किती ओळखत होतो, ते यावरून कळावं.

पुढचं सगळं मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळं त्यावर हसायची माझी सोय नाही. पंधरवडाभरानं आबांच्या कपाटाची किल्ली लागेना. बघितलं तर किल्लीचं भोक मातीनं गच्च बुजवलेलं. वरून बोटानं फिरवल्यासारखं गुळगुळीत. मग आबांच्या रेडिओत मागं पिन लावायचं भोक असायचं, ते बुजलं. मग खुंटी निघाली होती त्या जागेचं. आणि प्रत्येक वेळी माती वाळली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर पांढरट लेप. आईनं मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं.

"बघ. चुना बी मारलाय."

पुढं मी वाचनालयातून पुस्तक आणलं. या जातीच्या कुंभारणी तयार भोकं शोधतात, मातीनं बंद करतात आणि त्यावर पाखरांची किंवा पालीची शीट आणून फासतात, असं त्यात होतं. म्हणजे तो चुना नव्हता. पण ज्या बाईला आपला नवरा चुना मारताना दिसतोय, तिला तो पालीची शीट फासतोय म्हणून सांगायचं, एवढं धाडस माझ्यात नव्हतं. त्याच सुमारास मी रेडिओचं भोक टाचणीनं उकरून बघितलं. आत कोळी होते, बारके, पाय मिटून एकावर एक रचलेले. मेलेत असं वाटलं. टाचणी लागली तसा एकाचा पाय हळूच हलला. कुंभारीण त्यांना नांगी मारून लुळं करते आणि जिवंत भरून ठेवते, आत वाढणाऱ्या अळीला ताजं खाणं म्हणून. मी ती माती थुंकी लावून परत बसवली. नंतर किती तरी दिवस रेडिओवर बातम्या लागल्या की मला आतले ते पाय आठवायचे. हेही आईला सांगितलं नाही.

आईनं एकच गोष्ट बदलली. परड्यातला नळ ती आता नीट आवळेना. थेंब थेंब गळत राहायचा, धुण्याच्या दगडाखाली माती ओली राहायची आणि दुपारी त्या चिखलावर कुंभारीण यायची. डोकं खाली, शेपूट वर, गुणगुण करत मातीची गोळी वळायची आणि घेऊन जायची. आई पायरीवर बसून बघायची. जन्मभर ज्या नळावरून बोलणी खाल्ली, तोच नळ आता त्यांच्यासाठी सोडून ठेवायचा. बहीण माहेरी आली की म्हणायची, "आई, आबा असते तर हा नळ बघून किती ओरडले असते!"

आई शांतपणे म्हणायची, "माती भिजवाय पाणी नको व्हय?"

अशी काही वर्षं गेली. मधल्या काळात आम्ही सगळेच नकळत गांधीलमाश्यांतले जाणकार झालो. ओळखायची रीत आईनंच ठरवली होती: घर कशाचं ते बघायचं. घर मातीचं असलं तर कुंभारीण. एकटी राहते, आपण होऊन कुणाला चावत नाही. घर कागदासारखं, बारक्या छत्रीच्या आकाराचं, देठावर लोंबणारं असलं तर त्या बारक्या तांबूस गांधीलमाश्या. स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्ज्याला त्यांचं पोळं दर साली असायचं. त्यांच्या पोळ्याला काठी लागली नाही तर त्याही आपल्याला ओळख देत नाहीत. बायको त्यांच्याखाली उभं राहून भांडी वाळत घालायची. तिसरी जात मोठी. बोटाच्या पेराएवढी जाड, काळी, पोटावर हळदीचा एकच रुंद पट्टा. ती कधीतरी शेवग्याच्या फुलांवर येऊन जायची. तिचं घर कुठं असतं, ते आम्हाला माहीत नव्हतं.

ते एका पावसाळ्यात कळलं. आई एके सकाळी चहा घेताना म्हणाली, "घोराय लागल्यात परत."

"कोण?"

"हे."

आईच्या कॉटच्या उशाशी तो प्लायवूडचा तुकडा होता. मी कान लावला. आतून आवाज येत होता. घुंऽऽ असा एकसारखा, मधेच चढायचा, मधेच उतरायचा. खोटं कशाला सांगू, आबा घोरायचे तसाच. मी कान काढला, तर कान गार पडला होता.

परड्यात जाऊन बघितलं. वरच्या कोपऱ्यातल्या त्या मूठभर भोकातून, जे आबा उद्या बुजवणार होते, पिवळ्या पट्ट्याच्या माश्या आत-बाहेर करत होत्या. एक आत गेली की एक बाहेर. भोकाच्या तोंडाशी दोघी राखणीला.

मी आत येऊन सांगितलं. आईचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत तसा बघितला नव्हता.

"तेवढं एकच भोक ऱ्हायलंतं," ती म्हणाली. "बुजवाय आल्यात."

"आई, ती कुंभारीण नव्हं. ह्या वेगळ्या. मोठ्या."

"म्हातारपणी माणूस जाड हुईत न्हाय व्हय? तुझंच बघ की पोट."

पोटाचा विषय निघाला की मी आमच्या घरात वाद हरतो. तरीही त्या दिवशी मी बजावलं, की त्या भिंतीजवळ जाऊ नको. ती "बरं" म्हणाली. आणि दुपारी धुणं वाळत घालून येताना भिंतीपाशी थांबली, भोकाकडं तोंड वर करून काहीतरी बोलायला. काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. मानेला नांगी बसली. बायको धावली तोवर आईचे ओठ सुजले होते, अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वास शिट्टी मारल्यासारखा येत होता. शेजाऱ्यांच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावली, दोन दिवस ठेवून घेतली. सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यांच्या अंगाला हे विष अजिबात सोसत नाही. पुन्हा चावली, तर इथंवर आणायला वेळ मिळेलच असं धरून चालू नका."

तेव्हा प्रश्न साधा होता. एकतर भिंतीतलं ते घर जायला हवं होतं, नाहीतर आई. पण आईपुढं तो प्रश्न नव्हताच. तिचा वेगळा होता, आणि तो तिनं रिक्षातून परत येताना मला विचारला. गळा अजून बसलेला होता.

"मला का चावले रं?"

मला वाटायचं, तिची ती श्रद्धा म्हणजे एक उबदार गोधडी आहे, असू दे अंगावर. त्या गोधडीत असं काही गुंडाळलेलं असेल, हे ध्यानातच आलं नव्हतं. सबंध संसारात ज्यानं कधी हात उगारला नाही, तो मेल्यावर आपल्याला मारायला आला, असं तिला वाटत होतं. मग ती आपलं काय चुकलं ते शोधत बसली. निळा शर्ट बोहारणीला दिला म्हणून? वर्षश्राद्धाला खीर पातळ झाली म्हणून? शेवटी तिला सापडलं. त्या उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होती, म्हणून बायकोनं प्लंबर बोलावून नळाचा वायसर बदलून घेतला होता. नळ गळायचा थांबला होता.

"त्यांची माती वाळली," आई म्हणाली. "म्हणून."

बायकोनं संध्याकाळी निमूट पान्हा आणून माझ्या हातात दिला. "सैल करा," म्हणाली. नळ गळवायला पान्हा लागतो, हे मला तेव्हा कळलं. आयुष्यभर मी तो पान्ह्याशिवाय गळवला होता.

कॉलनीतल्या लोकांनी आपापले सल्ले दिले. समोरचे म्हणाले, टेंभा करून जाळून टाकू. कुणी म्हणालं, भोकात रॉकेल ओतून काडी लावू. रात्रीत काम होईल, कळणारबी न्हाय. आई पुढच्या खोलीत कॉटवर पडून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "एकदा जाळलंय की त्यास्नी. किती येळा जाळताय?"

सगळे चपला घालून गेले.

बहिणीला बोलावून घेतलं. ती भडंगाची पिशवी घेऊन आली आणि आल्या आल्या माझ्यावरच घसरली. "दादा, तूच माश्यांचं पुस्तक वाचलंस ना? मग आता शिकव की नीट." तिचं बरोबर होतं. भोकाखाली एक मेलेली मोठी गांधीलमाशी पडली होती. ती मी चिमट्यानं उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली. शेजारच्या बरणीत जुन्या रेडिओमागं मरून पडलेली एक कुंभारीण. दोन्ही बरण्या आईपुढं ठेवल्या. तिनं आबांचा चष्मा लावला. तिचा स्वतःचा होता, पण असल्या कामाला ती आबांचाच लावायची.

"बघ आई. ही निळी, ही काळी. हिची कमर दोऱ्याएवढी, हिला कमरच नाही म्हणलं तरी चालेल. ही माती आणते, ही लाकूड चावून कागद करते. ही एकटी, ह्या शेकड्यानं. पिठात कोण होतं? निळी होती. तू स्वतः बघितलीस. आत्तीनं बघितली. मी पण बघितली. आबा ही निळी आहेत. ही दुसरी कोणतरी आहे."

बोलता बोलता मी थांबलो. बहीण भडंग खायची थांबली होती. ज्या माणसानं आत्तीला बैलाच्या खुरावरून प्रश्न विचारला होता, तो माणूस दोन बरण्या पुढं घेऊन आपला बाप कोणती माशी आहे ते सिद्ध करून दाखवत होता. आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ते नसतील निळी, तर चावले तेच, असं ठरत होतं. मला ते निळीच हवे होते.

आईनं चष्मा काढला. "तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस," म्हणाली आणि कूस बदलली.

मग आम्ही जमेल तेवढं केलं. मागचं दार कुलूप लावून बंद केलं. आईची कॉट पुढच्या खोलीत आणली. खिडक्यांना जाळी मारली. तिच्या रिकाम्या खोलीतून प्लायवूडचा आवाज दिवसभर यायचा आणि जेवायला बसलं की घास घेता घेता सगळे एकदम गप व्हायचे, घरात कुणीतरी झोपलंय तसे. बायको एकदा भाजी वाढताना नकळत हळू आवाजात बोलली. मग आम्ही हसलो, पण तेही हळूच.

परडं बंद झालं तशी आई स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागली. तिथून काचेतून नळ दिसायचा, पण कुंभारीण लांबून नीट दिसायची नाही. जवळ दिसायचं ते छज्ज्याखालचं बारक्या गांधीलमाश्यांचं पोळं. त्या वर्षी ते चांगलं भरलं होतं. खणाखणांतून पांढऱ्या अळ्यांची तोंडं दिसत होती आणि माश्या त्यांना भरवत फिरत होत्या. आई दिवसचे दिवस ते बघायची. "ही धाकटी लई कामाची हाय," असं काहीबाही सांगायची.

भाद्रपदात एका सकाळी तिनं हाक मारली. हाक अशी होती की बायको आणि मी दोघं धावलो.

मोठी गांधीलमाशी पोळ्यावर येऊन बसली होती. पिवळा पट्टा उन्हात चमकत होता. बारक्या माश्यांनी क्षणभर पंख उभारले आणि मग सगळ्या पोळं सोडून बाजूला झाल्या. छज्ज्याच्या कडेला ओळीनं बसून बघत राहिल्या. एकीनंही नांगी मारली नाही. मोठी सावकाश एकेक खण उकलायची, आतली अळी ओढून काढायची, चावून चावून तिची गोळी करायची आणि उडून जायची. कुठं जायची ते आम्हाला माहीत होतं. भिंतीतल्या भोकात. थोड्या वेळानं परत यायची, नाहीतर दुसरी यायची. काचेला नाक लावून आम्ही तिघं बघत होतो. मी जाळीचा कोपरा उचकटून काठीनं हाकलायला गेलो, तर आईनं मनगट धरलं. तिला शेवटपर्यंत बघायचं होतं.

दुपारपर्यंत पोळं रिकामं झालं. बारक्या माश्या परत येऊन त्या मोकळ्या खणांवरून फिरायला लागल्या. तोंड घालायच्या, काढायच्या, पुढच्या खणात घालायच्या.

आई म्हणाली, "हे न्हवंत तुझे आबा."

ती अजून काचेतून बघत होती.

"उपाशी मरतील, पण दुसऱ्याच्या घरात शिरून लेकरू उचलायचे न्हाईत." तिनं पदरानं काच पुसली, नाकाचा डाग पडला होता तिथं. "ते न्हवंत चावले मला. हे परकं कोणतरी हाय. पावणं."

मला त्या क्षणी रेडिओतले कोळी आठवले. पाय मिटून रचलेले, हळूच हलणारे. मी तोंड मिटून घेतलं. बायको माझ्याकडं बघत होती. तिला मी ते कधीतरी सांगितलं होतं. तिनं चहा टाकला.

त्या दिवसापासून भिंतीतल्या माश्या आमच्या घरात पावणं झाल्या. नांगी बसलेल्या मानेवर आईचा हात सारखा असायचा तो निघाला, रात्रीची झोप लागायला लागली. मला वाटलं, आता जाळायला हरकत नसेल. विचारून बघितलं.

"पावण्यास्नी कोण जाळतं व्हय? थंडीला जात्यात का बघ. पावणं जास्त दिवस ऱ्हात न्हाय."

माझ्या पुस्तकात गांधीलमाश्यांची चित्रं विलायतेतली होती, पण त्यातही हेच होतं, की थंडी पडली की घर मोडतं, राण्या पांगतात. एकदा तरी आई आणि पुस्तक एका बाजूला आले, म्हणून मी दोघांचं ऐकलं. दसरा मागच्या दाराला कुलूप ठेवून झाला. दिवाळीत परड्याकडच्या पायरीवर पणती लागली नाही. नळ मी सकाळी लवकर, गार असताना, अंगावर घोंगडं आणि डोक्यावर टोपलं घेऊन सैल करून यायचो. माझा तो अवतार बघून शेजारच्या बाईंनी एकदा कडी लावून घेतली.

मग प्लायवूडचा आवाज पातळ होत गेला. मार्गशीर्षात एके दुपारी आई स्वतः उठून तिच्या खोलीत गेली, कान लावून उभी राहिली. बराच वेळ उभी होती. तिला काय ऐकू यावं असं वाटत होतं, मला सांगता यायचं नाही.

"गेलं," म्हणाली.

भोकापुढं चार-पाच मेलेल्या पडल्या होत्या, बाकी भोक रिकामं. मी म्हणालो, "प्लायवूड काढू या, आतलं घर काढून टाकू." तिनं मान हलवली. घर आत राहू दे म्हणाली. मग तिनं मागच्या दारातलं आबांचं घमेलं काढलं, गंजलेलं. सिमेंट मी आणून दिलं. कालवलं तिनंच. स्टुलावर चढून तिनं ते भोक बुजवलं आणि मी खाली स्टूल धरून उभा राहिलो. थापी आबांची होती. तिचा हात काही आबांसारखा बसला नाही. त्या जागी भिंतीला अजून उंचवटा आहे. वाळल्यावर तिनं चुन्याचा हात दिला.

खाली उतरून तिनं हात धुतले आणि नळ मुद्दाम अर्धवट सोडून आत आली.

पुढं दोन हजारची सालं लागली. ऊस मागं सरकला, कॉलनी पुढं सरकली. आई थकली. शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ बसलेला असताना ती एकदम म्हणाली, "माझ्या येळंला पीठ पसरू नका."

"का गं?"

"ह्यांच्याबरोबर जलम काढला, तरी मला पटकन ओळख पटली न्हाय. दुसऱ्याच्याच माशीला मी हे समजून बसले. तुमास्नी माझी काय पटणार? उगंच एखाद्या पालीला नमस्कार घालत बसाल."

ती गेली तेव्हा आत्ती नव्हती. बहिणीनं माळ्यावरून बुट्टी काढून खाली ठेवली होती. मी ती परत वर ठेवली. आईनं सांगितलं होतं, तसं केलं. पीठ पसरलं नाही.

आणि आता माझी पंचाईत अशी झालीय, की आबांचं एक तरी नक्की आहे. निळी कुंभारीण आली की बायकोही म्हणते, सासरे आले. आईचं काहीच नक्की नाही. पीठ पसरलं असतं, रेघ उमटली असती, टिंबं उमटली असती, एक काहीतरी ठरलं असतं आणि बाकीच्यांतून मी सुटलो असतो. आता कशावरच हात उचलवत नाही. कपाटामागची पाल, न्हाणीतला कोळी, देवघरातल्या मुंग्या, सगळ्यांच्या वाटेतून मीच बाजूला होतो. बायको म्हणते, "अहो, झुरळ तरी मारा." मी झुरळाकडं बघतो. झुरळ मिशा हलवतं. मी म्हणतो, उद्या.

परवा खिडकीतून एक मोठी गांधीलमाशी आत आली, पिवळ्या पट्ट्याची. बायकोनं टॉवेल उचलला. मी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि सवयीनं म्हणालो, "पावणं, बाहेर चला." ती सबंध खोलीभर फिरली, आईच्या कॉटवरून गेली आणि भिंतीवर त्या प्लायवूडवर जाऊन बसली, ज्याच्या मागं त्यांचं जुनं घर अजून तसंच आहे. तिथून हलेना. बायको टॉवेल घेऊन माझ्याकडं बघत होती, मारू का म्हणून.

परड्यात नळ गळत होता. मी तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि आम्ही दोघं खिडकी उघडी ठेवून खोलीबाहेर आलो.